रेड्याचं डोकं आणि माझी आत्या

माझ्या आत्याच्या मयताला ख्रिस्ती देवळात एक गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, दगडाबाई ही मोठी शांत, सोशिक स्वभावाची भगिनी होती. मी पुढच्याच बाकावर होतो. मला हसू आवरेना म्हणून मी रुमालात तोंड घातलं, आणि लोकांना वाटलं, भाच्याला रडू फुटलं.

सोशिक! आत्यानं आयुष्यात कुणाचं म्हणून सोसलं नव्हतं. नवी सून होती तेव्हा पाणवठ्यावर एका बाईनं तिच्या आईवरून शिवी दिली, तर आत्यानं घागर खाली ठेवली आणि त्या बाईचा कान चावला. दीर रंभाजी एकदा पिऊन आला आणि थोरल्या भावाच्या अंगावर धावून गेला. आत्यानं त्याच्या डोक्यात मुसळ घातलं, आणि रंभाजी कितीतरी दिवस डोक्याला फडकं बांधून हिंडत होता. तिचा नवरा आसाराम म्हणजे गरीब गाय. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मामांना ती मारत नसे, पण धाकात ठेवी. माणूस मेल्यावर त्याला घासूनपुसून गुळगुळीत करायची आपली खोड मला पसंत नाही. शांत बाईनं ते केलं असतं, तर मी कशाला सांगत बसलो असतो? ते आत्यानं केलं, म्हणून सांगतोय.

त्यांचं गाव जामखेडच्या पुढे, डोंगराच्या बाजूला. नाव सांगत नाही. तिथं त्याच माणसांची नातवंडं नांदतात आणि मला कुणाशी नव्यानं वैर नको. महारवाड्यातली चार-पाच घरं ख्रिस्ती झाली होती. आधी मामांनी बाप्तिस्मा घेतला. आत्याची पोरं एकामागून एक गेली होती, देवाचं नाव काढलं तरी ती भडकायची. पण नवरा जिकडं जातो तिकडं आपलं लक्ष असायला हवं, म्हणून तीही गेली आणि मग मामांपेक्षा घट्ट झाली. तिचं सगळंच असं होतं. एकदा धरलं की सोडायची नाही, मग तो कुणाचा कान असो की देवाचे पाय.

जामखेडहून सुमंत पाळक महिन्यातून एकदा सायकलवर यायचे. क्षमा, प्रीती, दुसरा गाल, असं काही सुरू झालं की आत्या उघड जांभया द्यायची. पण एकदा त्यांनी विश्वासणाऱ्याच्या शस्त्रांवर उपदेश केला. कमरेला सत्याचा पट्टा, छातीला चिलखत, डोक्याला टोप, हातात ढाल आणि तलवार. आत्या पदर खोचून ताठ बसली. उपदेश संपल्यावर तिनं पाळकांना दारात गाठलं.

"पाळकसायब, ही तलवार कुनावर चालवायची?"

"माणसावर नाही, दगडाबाई. माणूस आपला वैरी नाही."

"न्हाई कसा? रंभाजी हाय की."

"रंभाजीसुद्धा नाही."

"मंग एवढी हत्यारं अंगावर घालून करायचं तरी काय?"

"उभं राहायचं," पाळक म्हणाले. "कुणी लोटलं तरी जागा सोडायची नाही. पडलं तर उठायचं आणि परत तिथंच उभं राहायचं."

आत्याला हा सगळा ऐवज वाया घालवल्यासारखा वाटला. घरी येऊन ती मामांना म्हणाली, "चांगली तलवार दिली, आन् म्हनं मारायचं न्हाई."

युद्ध चालू होतं, रॉकेल आणि साखर कार्डावर मिळत होती, त्या काळातली ही गोष्ट. आषाढात गावात मरी शिरली. मरी म्हणजे पटकी, कॉलरा. माणूस सकाळी जुलाब-उलट्यांनी आडवा व्हायचा आणि दिवस मावळायच्या आत जायचा. आत्याच्या शेजारची लंकाबाई पहिल्याच झपाट्यात विधवा झाली. लंकाबाई ख्रिस्ती नव्हती, पण आत्याची जिवाची मैत्रीण होती. तिला एकच मुलगी, छबू, पाच-सहा वर्षांची. ती पोर निम्म्या वेळा आत्याच्याच घरी जेवायची आणि आत्याच्याच कुशीत झोपायची. मग पाटलाच्या वाड्यात रोग शिरला आणि पाटलाची सून अंबिका गेली. दुसऱ्याच दिवशी पाटलानं गाव बांधायचं ठरवलं.

गाव बांधायचं म्हणजे मरीआईपुढं रेडा तोडायचा आणि त्याचं रक्त गळतं डोकं महारवाड्यातल्या माणसानं आपल्या डोक्यावर घेऊन गावाच्या शिवेभोवती फिरवायचं. एवढं झालं की रोग शिवेबाहेर जातो, अशी गावाची श्रद्धा. शेजारच्या गावची माणसं शिवेवर टपून बसत. डोकं हिसकावून नेलं की आपली मरी ह्यांच्या गळ्यात, असा त्यांचा हिशोब. म्हणून डोकं वाहणाऱ्याभोवती कुऱ्हाडी आणि भाले घेतलेली माणसं चालत. मागं एकदा ह्याच फेरीत एकाचं पोट फाडलं गेलं होतं. आणि एक नियम सगळ्यांत कडक. डोकं वाहणाऱ्यानं आपल्या पायांनी चाललं पाहिजे. ओढून नेलं किंवा उचलून नेलं तर फेरी बाद.

ह्या कामाला मान म्हणत! मान दर वेळी महारवाड्यातल्या पुढच्या घरावर जायचा. ख्रिस्ती घरांनीही तो आजवर चुकवला नव्हता. शिवेवर जाऊन यायचं, ओढ्यात अंग धुवायचं, आणि रविवारी देवळात पुढच्या रांगेत बसायचं. पाळकांना कुणी सांगत नसे, आणि खरं सांगायचं तर पाळकही विचारत नसत.

ह्या वेळी मान आसाराममामांच्या घरावर आला.

मामा मनातून तयार झाले होते. "डोळं मिटून चालंन," ते आत्याला म्हणाले. "मनात आपल्या परभूचं नाव घीन. भाईर रेडा, आत परभू. न्हाई म्हनलं तर बलुतं बंद, पानी बंद. पाटील जित्ता सोडायचा न्हाई."

"आवं, एकदा नवरा केला की दुसऱ्याच्या नावाचं कुकू लावत्यात व्हय?" आत्या म्हणाली. "ह्या घरातून डोकं जायाचं न्हाई."

मग तिनं एक युक्ती काढली. तिला वाटलं, मान पुरुषाचा असतो. पुरुषच जाग्यावर नसला तर मान आपोआप पुढच्या घरी जाईल. पुढचं घर रंभाजीचं, म्हणजे दुधात साखर. तिनं मामांना भल्या पहाटे नगरला पिटाळलं, मिशनच्या दवाखान्यातून टोचणारी माणसं घेऊन या म्हणून. औषध तर हवंच होतं. मामांनी जीव वाचल्यासारखी वाट धरली.

चुकली ती इथं. जन्म महारवाड्यात काढून तिला एवढं ठाऊक नव्हतं, कारण तशी वेळ कधी आलीच नव्हती. मान घराचा असतो. पुरुष नसेल तर घरात जो कोणी असेल त्याचा.

सकाळी हलगी वाजायला लागली. मरीआईपुढं रेडा उभा केला. पहिला घाव नीट बसला नाही. रेडा मान अर्धी लोंबत असताना ओरडत फिरला, त्यानं दोघांना पाडलं, आणि तिसऱ्या घावाला तो खाली आला. लोकांना तो अपशकुन वाटला आणि सगळं गाव आणखी बिथरलं. मग पाटलाचे गडी आणि रंभाजी आत्याच्या दारात आले. रंभाजीचे डोळे लाल झाले होते. वहिनीनं मान आपल्यावर ढकलायचा डाव केला, हे त्याला कळलं होतं. त्यानं तिचे केस धरले आणि तिला मरीआईपर्यंत फरफटत आणलं.

पाटील पारावर उभा होता. सुनेच्या चितेची राख अजून निवली नव्हती. त्याचा चेहरा बघून आपल्याला कीव आली होती, असं आत्या मला म्हणायची.

"दगडे, उचल," पाटील म्हणाला.

"न्हाई जी. आमी खिस्ती हाय. आमच्यानं हे व्हायचं न्हाई."

"तुझ्या भावकीतल्या खिस्त्यांनी केलं, ते कसं?"

"त्यांचं त्यांना इचारा, पाटीलबाबा."

भावकीतले ख्रिस्ती गर्दीतच होते. सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यांच्यावर मला आजही राग आहे, आणि मी त्यांच्याच नात्यातला आहे.

रंभाजीनं पहिली काठी मारली ती पाठीवर. मग गडी तुटून पडले. बैलाचे आसूड, पराण्या, पायातल्या वहाणा, ज्याच्या हाताला जे लागलं ते. आत्या खाली पडली, तिच्या तोंडात माती आणि रक्त गेलं. दोघांनी तिला उभी केली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि चुंबळीवर रेड्याचं डोकं. आत्यानं मान झटकली, डोकं धपकन खाली पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पाडलं. तेव्हा चऱ्हाट आणलं. शिंगांना वेढे देऊन ते काखेखालून आवळलं आणि ते डोकं तिच्या डोक्यावर पक्कं बांधून टाकलं. रेड्याचं रक्त तिच्या कपाळावरून डोळ्यांत, नाकात, तोंडात उतरलं.

"चल," पाटील ओरडला.

आत्या उभी राहिली.

तिच्या नडग्यांवर काठ्या मारल्या. ती गुडघ्यांवर आली. मग जमिनीवर दोन्ही हात टेकून, ते डोकं घेऊन, पुन्हा उठली. लोकांना वाटलं, आली वठणीवर, आता चालेल. हलगीवाल्यानं हलगी सुरू केली. आत्या चालली नाही. पुन्हा मारलं, पुन्हा पडली, पुन्हा उठली आणि होती तिथंच उभी राहिली. खाली पडून राहिली असती तर मार कमी बसला असता. मी एकदा तिला तसं म्हणालोही. ती म्हणाली, "आरं, पडून ऱ्हायले आस्ते तर त्यांनी पाडली, आसं झालं आस्तं. मला पाडायची त्यांची काय टाप हुती?" मार खातानाही तिचा तोरा गेला नव्हता.

आणि मग गर्दीतून लंकाबाई आली. तिचे केस सुटलेले होते, लुगड्यावर उलटीचे डाग होते. छबूला पहाटेपासून जुलाब लागले होते.

"दगडे," ती म्हणाली, "माझी छबू चालली गं. तुझ्या अंगाखांद्यावरची पोर हाय. येक फेरी घाल. मी तुझ्या पाया पडते, येक फेरी."

ती खरंच पाया पडली. रक्ताच्या चिखलात तिनं आत्याच्या पायांवर डोकं ठेवलं. काठ्या थांबल्या. सगळं गाव बघत राहिलं. आत्याला रेड्याच्या रक्तातून धड दिसतही नव्हतं.

"लंके, तिला पानी पाज," आत्या म्हणाली. "उकळून निवलेलं पानी पाज. डोकं फिरवून पोर बरी व्हत न्हाई गं."

लंकाबाई उठली. बाजूला पडलेला धोंडा तिनं उचलला आणि हातभर अंतरावरून आत्याच्या तोंडावर मारला. आत्याचे पुढचे दोन दात पडले. गावाच्या सगळ्या काठ्यांपेक्षा तो धोंडा जास्त लागला, असं ती सांगायची, आणि सांगताना दर वेळी रडायची.

लंकाबाईचा धोंडा बघून रंभाजीला जोर आला. रेडा तोडलेली कुऱ्हाड तिथंच पडली होती. ती उचलून तो धावला. त्यानं कुऱ्हाड वर नेली, आणि आत्यानं त्याचं मनगट धरलं. एवढा मार खाल्लेली बाई, पण पंजा तिचाच. तिनं मनगट पिळलं, रंभाजी कळवळला, आणि कुऱ्हाड आत्याच्या हातात आली.

सगळं गाव मागं सरलं. भालेवाले सरले, पाटील पाराच्या मागं गेला. दगडाबाईच्या हातात कुऱ्हाड म्हणजे काय, हे प्रत्येकाला माहीत होतं. डोक्यावर शिंगं, सगळं अंग रक्तानं माखलेलं, आणि समोर रंभाजी मनगट धरून गुडघ्यांवर.

"लई मन झालं रं," आत्या मला म्हणाली होती. "त्याचं टाळकं माझ्यासमोर हुतं. म्या म्हनलं, देवा, हा वैरी न्हाई तर मंग कोन वैरी? आन् देव काय बोलंना."

ती बराच वेळ तशीच उभी होती म्हणतात. मग तिनं कुऱ्हाड फिरवली, पातं आपल्याकडं केलं आणि दांडा रंभाजीपुढं धरला.

"धर," ती म्हणाली. "म्या चालायची न्हाई. मारायचीबी न्हाई. तुला काय करायचं ते कर."

ही गोष्ट देवळात सांगतात तेव्हा रंभाजी कुऱ्हाड टाकून रडू लागला, असं सांगतात. साफ खोटं. रंभाजीनं कुऱ्हाड घेतली आणि उलट्या बाजूनं, तुंब्यानं, तिच्या उजव्या खांद्यावर मारली. हाड मोडल्याचा आवाज पारापर्यंत गेला. आत्या पडली. ह्या वेळी तिला उठता आलं नाही. तिनं तीन-चार वेळा हात टेकून पाहिला, पण उजवा हात अंगाखाली मुडपून जाई.

तेव्हा लंकाबाईनंच पुढं होऊन चऱ्हाट सोडलं. ते डोकं तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. "मी जाते," ती पाटलाला म्हणाली. "माझी पोर मरतीया. कुनाचा मान आन् कुनाचं काय." पाटलानं मान हलवली. कुणीतरी आपल्या पायांनी चालायला हवं होतं, बस्स. हलगी वाजली आणि सगळं गाव लंकाबाईच्या मागं शिवेकडं निघून गेलं. आत्याला कुणी मारायलाही उरलं नाही.

पुढचं आधी सांगून टाकतो. दोन दिवसांनी मामा टोचणारी माणसं घेऊन आले आणि महिन्याभरात मरी थांबली. गाव म्हणालं, फेरीनं थांबली. मामा म्हणाले, टोचण्यानं थांबली. आत्या त्या वादात पडली नाही. गावानं त्यांना पाणी बंद केलं, तेव्हा बाबाजान मुलाण्यानं आपली गाडी दिली, आणि ती दोघं कोल्हारला, प्रवरेच्या काठी, माझ्या वडिलांकडं आली. आत्याचा उजवा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. तिची वेणी माझी आई घालायची, आणि आईनं केस ओढले की आत्या तिला शिव्या द्यायची. सुमंत पाळक एकदा कोल्हारला भेटायला आले, तिच्यासमोर बसले आणि रडले. मग म्हणाले, "मी कधी विचारलंच नाही. विचारायला हवं होतं." आत्यानं त्यांना चहा दिला.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवसाचं. गाव शिवेवर गेल्यावर आत्या उठली नाही, तिला उठता येत नव्हतं. ती डाव्या कोपरावर सरपटत महारवाड्यात गेली. आपल्या झोपडीत नाही. लंकाबाईच्या झोपडीत. तिथं छबू एकटी होती, घाणीत पडलेली, डोळे खोल गेलेले. आत्यानं एका हातानं तिला पुसलं, मांडीवर घेतलं, आणि शेजारच्या आपल्या घरातून सरपटतच आणलेलं उकळलेलं पाणी फडक्यानं तिच्या ओठांवर पिळत राहिली. लांब शिवेवरून आरोळ्या ऐकू येत होत्या. शेजारच्या गावची माणसं चालून आली होती, तिकडं डोकी फुटत होती.

लंकाबाई फेरी पुरी करून परतली तेव्हा दिवस कलला होता. ती शिवेपासून पळत आली. तिचं तोंड, छाती, हात, सगळं रेड्याच्या रक्तानं भरलं होतं, आणि आत्याचंही तसंच. ती दारात थांबली. आत्याच्या मांडीवर छबू होती आणि छबूचा श्वास थांबलेला होता.

लंकाबाई अंगावर धावली. तिनं आत्याला बोचकारलं, थोबाडीत मारल्या, पोरीला हिसकावून घेतलं. "तू चालली आस्तीस तर जगली आस्ती," ती ओरडत राहिली. आत्यानं तोंड चुकवलं नाही. शेवटी लंकाबाईचे हात थकले. ती पोरीला घेऊन तिथंच भुईवर बसली.

"मला हाका मारल्या का गं तिनं?" तिनं विचारलं.

आत्याला नाही म्हणता आलं असतं. झोपेतच गेली म्हणून सांगता आलं असतं, आणि त्या बाईला रात्र काढणं सोपं झालं असतं.

"मारल्या," आत्या म्हणाली. "लई मारल्या. मंग तिला दिसंना झालं. मला चाचपलं आन् म्हनली, आय, आलीस? म्या म्हनलं, व्हय, आले."

 पोरीला पोटाशी धरून लंकाबाई पुढं सरकली आणि तिनं आपलं डोकं आत्याच्या खांद्यावर टाकलं. उजव्या, मोडलेल्या खांद्यावर. हुंदक्यासरशी त्या हाडावर हाड घासत होतं. आत्यानं डाव्या हातानं तिचं डोकं तिथंच दाबून धरलं.